चाचांनी न विकलेलं पिस्तूल

गिऱ्हाइकाला पिस्तूल दाखवताना चाचा नळीचं तोंड स्वतःच्या पोटाकडं करायचे. आधी टेबलावर फ्लॅनेलचं पिवळं फडकं अंथरायचं, त्यावर पिस्तूल आडवं ठेवायचं आणि मग एका बोटानं हळूच फिरवून नळी आपल्याकडं घ्यायची. आत गोळी नाही हे गिऱ्हाइकाला दोनदा दाखवून झालेलं असायचं, तरीसुद्धा. एखादा हसायचा, "चाचा, रिकामंच हाय की! कशाला भेता?" चाचा म्हणायचे, "रिकामं हाय हे मला ठावं, तुला ठावं. त्याला कुठं ठावं हाय? दुसऱ्याच्या तोंडाकडं बघायची सवय लागली म्हंजे?"

अंबाजोगाईत मोंढ्याच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. एका बाजूला बी-बियाणाचं दुकान, दुसऱ्या बाजूला पत्र्याच्या पेट्या ठोकणारा, आणि मधे हा लोखंडी जाळीचा दरवाजा. पाटीवरचा रंग उडून उडून नुसतं 'शस्त्र' एवढंच उरलं होतं. तुमच्यातल्या कुणाचं त्या बाजूला जाणं-येणं असेल तर तुम्ही त्यांना पाहिलं असेल. बारीक अंगाचे, डोक्याला पांढरी टोपी, हाताला कायम शिलाई मशीनच्या तेलाचा वास. त्यांचे वडील निजामाच्या काळात शिकाऱ्यांच्या बंदुका दुरुस्त करायचे, तेच काम यांच्याकडं आलं. नाव होतं त्यांना चांगलं, भिंतीवरच्या लायसनात चौकटीत लावलेलं होतं. पण म्हाताऱ्यापासून शेंबड्या पोरापर्यंत सगळे चाचाच म्हणायचे, म्हणून मीही तेच म्हणते.

दुकानदार म्हणून चाचा अगदीच कच्चे, असं सगळा गाव म्हणायचा. त्यांच्याकडं बंदुकांपेक्षा चहा जास्त खपतो, अशी चेष्टा चालायची. माणूस लायसन घेऊन यायचा, माल पसंत करायचा, भाव ठरायचा, आणि सगळं झाल्यावर चाचा म्हणायचे, "अच्छा. आता घरच्या बाईला घेऊन या."

गडी माणसं चिडायची. "ओ चाचा, पिस्तूल घ्यायलोय का साडी?"

"साडी काय, ती तुमच्याबगैर बी घेईल," चाचा म्हणायचे. "कपाटाची किल्ली कुणाकडं असते?"

"तिच्याकडंच की."

"मग? तुमी उशाखाली ठिवून घोरत पडणार. जागी कोण ऱ्हाणार?"

बाईला घेऊन गेलं की गड्याला बाहेर बाकड्यावर बसवायचे, हातात चहाचा कप द्यायचे. दुकानाच्या मागं एक हिरवा पडदा होता. पडद्याआड छोटी खोली, तिथं कानशी आणि पकडी खिळ्याला टांगलेल्या, आणि खोलीच्या पलीकडच्या दारात चाची भाजी निवडत बसलेल्या, म्हणजे परक्या बाईला अवघड वाटू नये. तिथं चाचा एकच गोष्ट विचारायचे. "ताई, हे घरात येऊ द्यायचं का?" आणि लगेच पुढं म्हणायचे, "न्हाई म्हणलात तरी तुमचं नाव निघणार न्हाई. खोट मालात निघंल, माझ्यात निघंल. तुमच्यात न्हाई."

मग बाहेर येऊन ते गड्याला सांगायचे, नळीत गंज आहे. नाहीतर, ज्याचा माल त्याच्या पोरानं ना-हरकत दिली नाही. नाहीतर, कालच एकानं इसार दिलाय, मी विसरलोच. काय वाट्टेल ते सांगायचे. गडी शिव्या देत बाहेर पडायचा आणि गावात जाऊन म्हणायचा, त्या म्हाताऱ्याकडं माल म्हणून धड नाही. चाचांचं नाव असं खराब झालं होतं. बायकांना खरं माहीत होतं, पण एकीचं दुसरीला माहीत नव्हतं.

मला हे कसं माहीत, ते आता सांगते.

सिरसाळ्याच्या अलीकडं आमची वाडी. आमच्या मालकांकडं, म्हणजे माझ्या नवऱ्याकडं, दोनशेवर मेंढरं आणि थोडी शेरडं होती. माळावर चरायला नेली की दिवसाढवळ्या पिकअप घेऊन चोर यायचे. रस्त्याकडेची आठ-दहा उचलून गाडीत टाकायची आणि धुरळा उडवत निघून जायचं. मेंढक्या पळत येईपर्यंत गाडी घाटाला लागलेली असायची. मालकांनी तेव्हा लायसनचा नाद घेतला. अर्ज, पोलिसांची चौकशी, बीडला हेलपाटे, दोन वर्षं त्यात गेली. लोक म्हणाले, दुनळी बंदूक घे, मेंढरं राखायला तीच बरी. पण चाचांच्या दुकानात चौकशीला गेले तेव्हा त्यांनी ते पिस्तूल बघितलं होतं, आणि मग त्यांना दुसरं काही दिसेना.

ते पिस्तूल एका म्हाताऱ्या डॉक्टरांचं. डॉक्टर वारले, पोरं परदेशात, म्हणून चाचांकडं जमा केलेलं. विलायती, जुन्या घडणीचं, काळं-निळसर. तळहातात मावेल एवढं, पण वजनदार. मुठीला अक्रोडाचं लाकूड होतं आणि त्या लाकडावर एका जागी डॉक्टरांच्या अंगठ्यानं खळगा पडला होता. मालक घरी येऊन मला त्या खळग्याचं सांगायचे. "माझा अंगठा तितं बरूबर बसतो बघ. जनू माझ्यासाठीच केलंय." आमचं लग्न ठरलं तेव्हासुद्धा ते एवढे खूश नसतील.

तर लायसन आलं आणि चाचांचा निरोप आला, ताईंना घेऊन या. मी नवी साडी नेसून गेले. चाचांनी फडकं अंथरलं, पिस्तूल ठेवलं, फिरवलं. मालकांनी ते उचललं. समोर बंदुकांचं काचेचं कपाट होतं. त्या काचेत बघत त्यांनी हात लांब केला, एक डोळा मिटला. काचेत त्यांच्या खांद्यामागं मी उभी होते, पदर डोक्यावर घेतलेली. त्यांनी स्वतःला बघितलं, पिस्तुलाला बघितलं. मी काही त्यांना दिसले नाही. नळी काचेतल्या कुणाकडं रोखलीय हे त्यांच्या ध्यानातही आलं नसेल. चाचांच्या मात्र आलं. ते झटकन मधे आले आणि म्हणाले, "बास, मालक. आता ताईला थोडी चाय पिऊ द्या."

पडद्याआड त्यांनी विचारलं. चाची मेथी निवडत होत्या, त्या वासासकट मला सगळं आठवतं.

आमचे मालक वाईट माणूस नव्हते, हे आधी लिहिते. पण राग आला की त्यांना समोरचं दिसायचं नाही. आदल्या साली शेरडाच्या दाव्यावरून, नुसत्या एका दाव्यावरून, त्यांनी सख्ख्या धाकट्या भावाच्या डोक्यात काठी घातली होती. रक्त बघून स्वतःच रडले, स्वतः हळद दाबली, आणि आठ दिवस त्याच्याशेजारी बसून जेवले. काठी होती म्हणून हळदीवर भागलं. मी तिथं उभी राहून त्या दिराचा, माझ्या पाच वर्षांच्या दत्ताचा, भावकीचा, सगळ्यांचा विचार केला आणि मान हलवली. तोंडानं 'नाही' म्हटलंसुद्धा नाही. नुसती मान.

चाचा म्हणाले, "ठीक. चाय संपवा."

बाहेर येऊन त्यांनी पिस्तूल कानाजवळ धरलं, दोनदा खटखट केलं आणि तोंड वाकडं केलं. "मालक, माफ करा. ह्याची कमानी, म्हंजे स्प्रिंग, ढिली हाय. अशी देता येत न्हाई. पुण्याहून मागवतो."

"किती दिस लागतील?"

"आली की निरोप देतो."

पुढचे सहा महिने मालक दर बाजाराला अंबाजोगाईला जायचे. "आली का कमानी?" "न्हाई आली." घरी येऊन ते ताटावर बसायचे आणि म्हणायचे, "म्हाताऱ्याला धंदा जमत न्हाई. एक कमानी आणायला सा म्हैने!" मी भाकरी वाढायचे. एकदा तर ते म्हणाले, "तू तरी सांग त्याला. तुला लई ताई ताई करतो." मी हसले.

दिवाळी झाल्यावरची गोष्ट. भर दुपारी पिकअप आली. मेंढरं मुरमाच्या रस्त्याच्या दोन्ही अंगाला पांगलेली होती. त्यांनी नऊ उचलली आणि गाडी वळवली, तोवर मालक वरच्या अंगानं पळत येऊन रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. एका हातात काठी, दुसरा हात वर केलेला, गाडी थांबवायला करतात तसा. मेंढक्यानं हे लांबून बघितलं. त्याला वाटलं गाडी थांबेल. मालकांनाही तसंच वाटलं असणार.

गाडी थांबली नाही. पुढं ती सापडलीही नाही.

माणूस गेला की लोक येतात आणि काहीतरी बोलावं लागतं म्हणून बोलतात. आमच्याकडं आलेला प्रत्येक जण एकच बोलला. हातात पिस्तूल असतं तर गाडीवाल्यांची छाती झाली नसती. नुसतं दाखवलं असतं तरी पळाले असते. माझ्या सासूबाई, मी त्यांना आत्या म्हणते, त्यांनी ते धरून ठेवलं. "त्या बंदूकवाल्यानं माझं लेकरू मारलं. कमानी कमानी करून मारलं." दिवेलागणीला मी दिवा लावायचे आणि आत्या ओसरीवर बसून चाचांना शिव्याशाप द्यायच्या. त्याचं वाटोळं होवो, त्याच्या घरात दिवा न लागो. देवाचं नाव घ्यावं तशा, रोज.

दहाव्याच्या दिवशी चाचा आले. एसटीनं आले होते, फाट्यापासून चालत. अंगणात न येता बाहेर दगडावर बसले. माझा दीर, ज्याचं डोकं मालकांनी फोडलं होतं तोच, उठून त्यांच्या अंगावर गेला.

"कावून आलास रे हितं? कमानी घेऊन आलास का आता?"

लोकांनी त्याला धरलं. तो धरलेला ओरडतच होता. "सा म्हैने! सा म्हैने माझा भाऊ तुज्या दारात चकरा मारत व्हता! एक कमानी आणता आली न्हाई तुला?"

चाचांनी टोपी काढली. मी दाराची चौकट धरून उभी होते. त्यांनी एकदाच माझ्याकडं बघितलं आणि लगेच मान खाली घातली. मला वाटलं, आता सांगतील. सांगायला पाहिजे होतं त्यांनी, अशी शिवी कुणी ऐकून घेतं का? ते म्हणाले, "हौ, दादा. चूक माझी. कमानी आली न्हाई."

"न्हाई म्हणतोय बघा! अजून न्हाई म्हणतोय!"

"माझीच चूक," चाचा परत म्हणाले.

मी चौकट धरून उभीच राहिले. आतून आत्यांचं रडणं चालू होतं, दत्ता माझ्या पायाला मिठी मारून उभा होता, आणि मी मनाशी म्हणाले, आज नको, पुढं कधीतरी. चाचा पाणीसुद्धा न घेता परत फाट्याकडं गेले. ते लांब जाईपर्यंत त्यांची टोपी दिसत होती.

पुढं आत्यांच्या औषधांसाठी मला महिन्याला अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात जावं लागायचं. आधी मी ती गल्ली टाळायचे. मग एकदा पाय वळले. चाचांनी काही विचारलं नाही, चाचींना हाक मारली, "ताई आलीय, चाय ठिवा." तेव्हापासून दर खेपेला मी तिथं पाच-दहा मिनिटं बसायचे. ते नळी साफ करायला तिच्यातून गज फिरवत बसायचे आणि कुठल्या कुठल्या गोष्टी सांगायचे. एका वकिलानं बंदूक घेतली आणि पहिल्यांदा वाजवली तर धक्क्यानं उलटा विहिरीत पडला, वर काढला तर म्हणतो कसा, "लागला का नेम?" असलं काहीतरी सांगून मला हसवायचे. दत्ताला वह्या द्यायचे. मी शाळा दुसरीच शिकलेली, दत्ताच्या पुस्तकावर वाचायला शिकले, ते कळल्यावर त्यांनी मला एक जाड अक्षराचा शब्दकोश आणून दिला. "आता लायसनच्या कागदात काय लिवलंय ते गड्याला तुमीच वाचून दाखवा," म्हणाले, आणि मग आठवलं त्यांना, आणि परत गज फिरवायला लागले.

एकदा मी विचारलं. किती दिवस पोटात ठेवणार? "चाचा, मी हो म्हणले असते तर?"

गज फिरायचा थांबला. "ताई, हा सवाल मी बी रोज करतो," ते म्हणाले. "जवाब आला तर तुमाला कळवीन."

पुढच्या खेपेला मी नुसतं त्यांच्याकडं बघितलं. ते म्हणाले, "न्हाई आला." पुढं पुढं ते आमचं बोलणंच झालं. मी बसायचे, ते मान हलवायचे, म्हणजे न्हाई आला.

पिस्तुलाचं मी कधी विचारलं नाही. त्यांनीच एकदा सांगितलं की विकलं नाही, महिन्याला तेल देतो. कुणाला आवडलं तरी सांगतो, माल गुंतलेला हाय.

मला मात्र त्याचा आवाज ऐकू येतो. जो आवाज आमच्या माळावर कधी झालाच नाही तो. भांडी घासताना येतो, शेंगा फोडताना येतो. एकदा येतो तेव्हा पिकअप थांबते, चोर पळतात, मालक घरी येऊन हातपाय धुतात आणि म्हणतात, वाढ. दुसऱ्या वेळी येतो तेव्हा गाडीतलं कुणीतरी पडतं आणि मालकांना पोलीस घेऊन जातात. आणि कधी कधी माळ नसतोच. आमची ओसरी असते, भाऊ-भाऊ भांडत असतात, आणि दीर खाली पडलेला असतो. माझा दीर आता नातवंडं खेळवतो. त्याला बघितलं की मला वाटतं, हा माझ्या मान हलवण्यामुळं बसलाय का इथं? त्याला हे काहीच माहीत नाही. अजून तो चाचांचं नाव निघालं की थुंकतो.

दत्ता मोठा झाला. मेंढरं त्यानं विकली, जेसीबी घेतला, गावात नाव झालं. आजकाल आमच्याकडची पोरं कमरेला पिस्तूल लावून लग्नात मिरवतात, मोबाईलवर व्हिडिओ टाकतात, ते तुम्हीही बघितलं असेल. दत्ताचं तसं नव्हतं, असं मला वाटायचं. पण त्यानं गुपचूप लायसन काढलं आणि एक दिवस म्हणाला, "आई, मला दुसरं कुठलं नको. बाबांनी हातात धरलेलं तेच पायजे."

दुकानातून तो हसत आला. "म्हातारा अजून तसाच हाय गं! म्हणतो, आईला घेऊन ये. चल, तुझी हजेरी लागते म्हणे."

चाचा त्या दिवशी फार थकलेले दिसले. चाची जाऊन दोन वर्षं झाली होती. फडकं अंथरायला त्यांना वेळ लागला, पण नळी पोटाकडं फिरवायला विसरले नाहीत. दत्तानं बापासारखंच ते उचललं. मी भिंतीवरच्या लायसनाकडं बघत राहिले. मग चाचांनी मला पडद्याआड नेलं. चाचींची जागा रिकामी होती. मी वाट बघत उभी राहिले. काय म्हणायचं ते माझं ठरलेलं नव्हतं. खरं सांगते, ठरलेलं नव्हतं. एका तोंडानं हो येत होतं आणि एका तोंडानं नाही.

चाचा खाली बसले. "ताई, ह्या टायमाला मी इचारणार न्हाई."

"का?"

"लोक म्हणत्यात चाचा येडा हाय, बायकांना बोलावतो. काही बायका म्हणत्यात चाचा भला हाय. भला कसला? देऊ का नको, हे मला कधी ठरवता आलं न्हाई. मग मी तुमच्या डोक्यावर ठिवून मोकळा. रात्री मी झोपायचो, ताई. तुमच्या मालकाच्या दहाव्यापर्यंत मी चांगला झोपायचो." ते भिंतीला धरून उठले. "हे ओझं दुकानदाराचं हाय. आज मी उचलतो."

बाहेर येऊन ते दत्ताला म्हणाले, "दत्तोबा, देणार न्हाई."

"कावून? आई न्हाई म्हणली का?"

"आईला मी इचारलंच न्हाई. माझी मर्जी."

दत्ताचा चेहरा लाल झाला. "माझ्या बापाला बी तुमीच दिलं न्हाई. सा म्हैने खेळवलं. आन् आता मला?"

"हौ. मीच."

"लाज वाटत न्हाई का ओ तुमाला?"

"वाटती की," चाचा म्हणाले. "लई वाटती."

मी पडदा धरून उभी होते. सांगायला तोंड उघडलंसुद्धा. चाचांनी माझ्याकडं बघून नुसता हात हलवला, राहू द्या ताई, अशासारखा. आणि मी राहू दिलं. त्यांनी हात हलवला म्हणून राहू दिलं असं मी वर्षभर स्वतःला सांगत आले, पण ते काही खरं नाही. दत्ता काय म्हणेल, या भीतीनं राहू दिलं.

दत्तानं दुसरं पिस्तूल घेतलं नाही अजून. लायसन कपाटात आहे. तो विषय निघाला की उठून जातो.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला चाचा गेले. पेट्या ठोकणाऱ्याचा फोन आला. मी एकटीच एसटीनं गेले. मयत निघून गेली होती. गडी माणसं कबरस्तानात, आणि घरात, अंगणात, बोळात बायकाच बायका. त्यांच्या नात्यातल्या आत होत्या. बाहेर सतरंजीवर मात्र आमच्यासारख्या, खेड्यापाड्यातून आलेल्या, लुगड्यातल्या, सहावारीतल्या, कपाळाला कुंकू असलेल्या आणि नसलेल्या. कुणी कुणाला ओळखत नव्हतं. कुणी रडत नव्हतं. आपण इथं कशाला आलो हे शेजारणीला सांगावं लागू नये म्हणून सगळ्या खाली बघत बसलेल्या.

माझ्या शेजारी माझ्याहून थोरली एक बाई होती. पाटोद्याकडची. मीच विचारलं, "चाचांची वळख कशी?"

"आमच्या मालकाला बंदूक घ्यायची व्हती एकदा."

"मग?"

"मला इचारलं. मी हो म्हणले."

तिचा हात धरला मी. "मग? काय झालं पुढं?"

"काय व्हतंय? घेतली. तीस वर्सं कपाटात पडून व्हती. दसऱ्याला पुसायचे, पुन्ना ठिवायचे. एकदाबी वाजली न्हाई." तिनं पदरानं तोंड पुसलं. "मालक साखरेनं गेले. शेवटाला पाय कापला व्हता. बंदुकीपुरतं मला बरंच झालं म्हणायचं. आन् तुमचं?"

मी तिला सांगितलं. पडदा, मान हलवली, कमानी, मुरमाचा रस्ता, दहावा, दत्ता, सगळं. बावीस वर्षांत पहिल्यांदा, आणि तेही एका परक्या बाईला, लोकांच्या मयतीच्या सतरंजीवर बसून. संपल्यावर म्हणाली, "घरी कोन हाय?"

"सासू हाय. नव्वदीची."

"तिला ठावं हाय?"

मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "मग मला सांगून काय उपेग?" आणि एसटीची वेळ झाली म्हणून उठून गेली. तिचं नावही मी विचारलं नाही.

दुकानातली सगळी हत्यारं पोलिसांनी नेऊन जमा केली, ते पिस्तूलही त्यात गेलं, असं पेट्यावाल्यानं सांगितलं.

मी घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. आत्या ओसरीवर बसल्या होत्या आणि त्यांनी सुरूही केलं होतं. वाटोळं होवो त्याचं. दत्ता मोबाईल बघत खाटेवर होता. मी चपला काढल्या आणि आत्यांसमोर खाली बसले.

"आत्या, चाचा गेले."

त्या थांबल्या. "गेला? बरं झालं."

"आत्या, कमानी ढिली नव्हती. चाचांनी मला विचारलं होतं, देऊ का म्हणून. मी नको म्हणले. त्यांनी माझं नाव घेतलं न्हाई. कुणापाशी घेतलं न्हाई."

दत्ताचा मोबाईल चालूच होता, त्यात कुणीतरी हसत होतं. त्यानं तो बंद केला. चपला घातल्या आणि अंधार पडत होता तिकडं निघून गेला. उशिरा आला. जेवला. अजून त्या गोष्टीवर तो माझ्याशी एक शब्द बोललेला नाही.

आत्यांना आता कमी दिसतं. त्यांनी चाचपून माझा हात शोधला. मला वाटलं, मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"मग मी येवढी वर्सं त्या माणसाला शिव्या घातल्या," त्या म्हणाल्या, "त्या कुटं गेल्या?"

"त्यांनी घेतल्या, आत्या."

"त्याला ठावं व्हतं?"

"ठावं होतं."

मग हळू आवाजात म्हणाल्या, "आन् आता कुणाला घालू?"

"मला घाला."

"तुला कशी घालू गं?" आत्या म्हणाल्या. "रांधून तू घालतीस, न्हाऊ तू घालतीस."

आता रोज मी दिवा लावते आणि त्यांच्यासमोर जाऊन बसते. त्यांचे ओठ हलतात. बावीस वर्षांची सवय, कुठं जाणार? मग त्या माझ्या दिशेनं बघतात आणि तोंड मिटून घेतात. मी उठत नाही. एकदा घालतील, या आशेवर बसून राहते.